टँकरवर नव्याने बसणाऱ्यांसाठी सुखसोयींची मार्गदर्शिका

अभिनंदन. जड वाहनाचं लायसन्स झालं, धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, लायसन्सवर तसा शेराही पडला. आता नागपूरजवळच्या डेपोत पेट्रोल-डिझेल भरायचं आणि बुटीबोरी, वर्धा, देवळी करत कळंबच्या पंपावर आणून ओतायचं, एवढंच काम. नकाशात 'कळंब' टाकताना पुढे यवतमाळ टाकायला विसरू नकोस. धाराशिव जिल्ह्यातही एक कळंब आहे, आणि तुझा 361 क्रमांकाचा महामार्ग शेवटी त्याच जिल्ह्यात, तुळजापूरला, जाऊन संपतो. म्हणजे झोपेत पुढे निघून गेलास तरी रस्ता चुकलाय असं वाटायचं नाही.

आधी गाडीवरचं सामान समजून घे. ते दोन प्रकारचं असतं: मालाच्या सुखाचं आणि तुझ्या सुखाचं.

मालाचे लाड बघण्यासारखे आहेत. टाकीत वेगवेगळे कप्पे. ब्रेक मारल्यावर माल हिंदकळू नये म्हणून आत आडवे पत्रे. उन्हात फुगला तर पाय पसरता यावेत म्हणून वर मोकळी जागा. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी, बॅटरीला मास्टर स्विच, अर्थिंगची वायर, आग विझवायचे सिलिंडर. बाहेर फलक: पेट्रोलला 1203, डिझेलला 1202. गाडी कुठे उलटलीच, तर अग्निशमनवाल्यांना हा आकडा वाचून आत काय आहे ते कळतं. केबिनमध्ये कोण आहे, त्याचा रक्तगट काय, याला त्या फलकावर रकाना नाही. यातल्या बहुतेक गोष्टींचे नियम 2002 चे, आणि ते सांभाळणारी पेसो ही केंद्रीय संस्था. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. तुझ्या कमरेचे मणके सांभाळणारं मुख्यालय कुठे सापडलं तर आम्हालाही कळव.

आता तुझं सुख. जुनी गाडी मिळाली असेल तर केबिनच्या मधोमध इंजिनाचं बोनट असेल. त्यावर डबा ठेव. पिठलं-भाकर वर्ध्यापर्यंत गरम राहते. पाण्याची बाटली मात्र तिथे ठेवू नकोस, देवळीला चहापत्ती टाकायची तेवढी बाकी राहील. पाण्यासाठी जुन्या उस्तादांची कॅनव्हासची छागल अजून मिळाली तर घे आणि आरशाच्या दांडीला टांग. सीटवर लाकडी मण्यांचं आसन, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना केबिनचं वातानुकूलन ते हेच. खरा एसीही आहे म्हणा. नव्या जड ट्रकच्या केबिनला तो सक्तीचा करणारी अधिसूचना 2023 साली निघाली. अट 2025 पासून, आणि फक्त नव्या गाड्यांना. तुझी गाडी नवी असण्याचा संभव किती, हे मालकाला विचार. विचारताना थोडं लांब उभा राहा.

आणि स्टोव्ह विसर. संत्र्याचा ट्रकवाला झाडाखाली गाडी लावतो, स्टोव्ह पेटवतो, भात टाकतो, त्याचा वास तुझ्यापर्यंत येतो. तुला फक्त वास. काडीपेटी नाही, बिडी नाही, डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे उदबत्तीसुद्धा नाही. बॅटरीवरचा दिवा लावून भागवू म्हणशील, तर वाढीव वायरिंगही चालत नाही. देवाला फूल वाहा आणि माफी माग.

कळंबला चिंतामणीचं दर्शन मात्र चुकवू नकोस. गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जायचं. भर उन्हात एवढी थंड जागा तुला दुसरी मिळायची नाही. पण भरलेला टँकर बेवारस सोडता येत नाही, नियम जाणणारा कोणीतरी गाडीजवळ हवा, आणि वस्तीत तर गाडी उभीच करायची नाही. म्हणून गावाबाहेर थांब, आधी क्लीनरला पाठव, मग तू जा. तेवढ्यात फोन येईलच. गाडीला जीपीएस आहे, ती थांबली की मालकाला कळतं.

"काऊन थांबला बे?"

"दर्शनाले, मालक."

"दर्शन खाली करून घे. पंप कोरडा पडला तिकडं."

पंपावर पोचलास की सगळं नीट कर, इथे थट्टा नाही. इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, चाकाखाली ठोकळा, अर्थिंगची वायर जोडलेली, सिलिंडर खाली उतरवून हाताशी. माल थोडा शांत होऊ दे. मग झाकण उघडून डिपची पट्टी सोडायची, टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावून. पाणी असेल तर तिचा रंग बदलतो. नंतर जारमध्ये नमुना काढून घनता बघायची आणि तक्त्यावरून ती 15 अंशाला किती होते ते काढायचं. कळंबच्या उन्हाळ्यात 15 अंश तुला या एका तक्त्यातच भेटतील.

घट हा विषय प्रशिक्षणात घाईत उरकतात, इथे जरा थांब. पेट्रोल एका अंशाला हजार लिटरमागे साधारण एक लिटर फुगतं किंवा आखडतं. दुपारी 12 हजार लिटर भरलंस, रात्रभर वाटेत अडकलास आणि पहाटे माल पाच अंशांनी निवला, तर साठ लिटर कमी. कोणी चोरलेलं नाही, सांडलेलं नाही. पण मॅनेजर तुझ्या तोंडाकडे असा बघेल की ते तूच पिऊन आलास. म्हणून भरतानाचं तापमान आणि घनता चलनावर लिहून घेतल्याशिवाय डेपोचं फाटक सोडू नकोस. मण्यांच्या आसनापेक्षा जास्त आराम या दोन आकड्यांत आहे.

आपली किंमत काय, असा प्रश्न पडला तर 2024 च्या 1 आणि 2 जानेवारीची वर्तमानपत्रं काढून बघ. अपघात करून पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या नव्या कलमाविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि पंपांवर रांगाच रांगा लागल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत वर्ध्याहून रेल्वे कळंबपर्यंत आली. पंपावरचं तेल मात्र तुझ्याच गाडीतून येतं.

पंपमालकांना एक विनंती. टाकीत जागा नाही म्हणून टँकर सकाळपर्यंत थांबवणार असाल, तर ड्रायव्हर-क्लीनरला एक पंखा असलेली खोली, दोन खाटा आणि आंघोळीला पाणी द्या. जेवणाचं ते बघतील. स्टोव्ह तुमच्याकडेही पेटवता येणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.