सिस्टर आणि अर्धे आजोबा

महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली सिस्टर घरी बसत नाही. बोरिवली-मुलुंडकडे अशा सिस्टरांची एक जातच आहे. पेन्शन सुरू होत नाही तोच त्या पेशंटसाठी मावश्या पुरवणाऱ्या एखाद्या ब्यूरोला धरतात, आणि अधूनमधून डहाणू लोकलने पालघर, तिथून एसटीने जव्हार-मोखाड्याकडे, तिथल्या बायकांना शहरातले पेशंट सांभाळायला शिकवायला निघतात. सोबत बीपीचं मशीन, कॅथेटर आणि चादरीत गुंडाळलेले आजोबा.

आजोबा प्लॅस्टिकचे, तेही कमरेपर्यंतच. खालचा भाग म्हणजे जुन्या पायजम्यात कोंबलेल्या चिंध्या. लेडीज डब्यात चादरीतून टक्कल डोकावलं की चौथ्या सीटवरची बाई आपण होऊन उठते. सिस्टर त्यांना एवढ्यासाठीच नेतात, अशी मला शंका आहे.

सरकारदरबारी पेशंट सांभाळणारी बाई म्हणजे 'जनरल ड्यूटी असिस्टंट'. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत त्याचा रीतसर अभ्यासक्रमही आला. पण केंद्र शहरात, पाडा डोंगरात; म्हणून आजोबांना हा प्रवास.

"दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंग लुळं असेल तर शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. नळीने भरवताना डोकं वर, आणि भरवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही." एवढं सिस्टर दुपारच्या आत उरकतात. समोरच्या बायकांनी सासू, सासरे आणि वर एखादा आतेसासराही निस्तरलेला असतो. आजोबांना त्या असं सहज उलटं करतात, की पायजमा मागेच राहतो.

जेवणानंतर खरा विषय निघतो : फ्लॅट. "आडव्या पेशंटचं काही नाही गं, उभे नातेवाईक सांभाळायचे!" कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर गेलात, दार लॅचने बंद झालं, पेशंट आत, तुम्ही बाहेर, म्हणून किल्ली गळ्यात. मग सिस्टर चष्मा नाकावर ओढून सूनबाई होतात. "मावशी, बाबा झोपलेच आहेत, तेवढी भांडी घासून घेता?"

सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं : "वहिनी, मी फक्त पेशंटची भांडी घासते."

सूर चढला की पुन्हा. चेहरा पडला की पुन्हा. कूस बदलायला एक फेरी पुरते, या वाक्याला संध्याकाळची एसटी चुकते.

पुढे अशाच एका सिस्टरांचा गुडघा बदलला. ब्यूरोने त्यांच्याच वर्गातली मुलगी पाठवली. आल्यागेल्यांचे चहाचे कप साठले, तेव्हा सिस्टर पलंगावरून म्हणाल्या, "बाळा, तेवढे विसळून टाक."

"सिस्टर, मी फक्त पेशंटची भांडी घासते. यातला तुमचा कप कुठला?"

सिस्टरांनी निमूट कप दाखवला. बाकीचे यजमानांनी घासले. सिस्टर पडल्यापडल्या मुलीला सांगत होत्या, "बोललीस बरोबर. पण शेवटी जरा हसायचं असतं."