मा. ट्रस्टेड इन्स्टॉलर साहेबांच्या सेवेशी

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 या संगणकप्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य संपले आणि हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत टेबलामागे बसणाऱ्या बाबू या प्राचीन वर्गावर विंडोज 11 चढवून घेण्याची वेळ आली. अशा चढतीनंतर जुनी प्रणाली लगेच नाहीशी होत नाही. नवी पसंत न पडल्यास माघारी फिरता यावे म्हणून ती सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे एका बांधलेल्या बस्त्यात, ठेवली जाते, आणि दहा दिवस उलटले की यंत्र तो बस्ता आपण होऊन मोडीत काढते. ठरलेली गोष्ट ठरल्या मुदतीत होते, हे या वर्गाच्या अनुभवाबाहेरचे असल्याने त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

म्हणून डिलीटचे बटण दाबले जाते आणि पडद्यावर पाटी झळकते की, या बदलासाठी ट्रस्टेड इन्स्टॉलर यांची परवानगी आवश्यक आहे. हे वास्तविक कोणा व्यक्तीचे नाव नसून, प्रणालीच्या गाभ्यातील फाइलींची मालकी ज्या अंतर्गत सेवेकडे असते तिचे ते नाव आहे. ही व्यवस्था विंडोज व्हिस्टापासून चालत आली असून, उत्साही माणसाने चालत्या गाडीचे चाक काढू नये एवढाच तिचा हेतू आहे. परंतु ‘परवानगी’ हा शब्द दिसताच कचेरीच्या मनात जी चक्रे फिरू लागतात, त्यांच्यापुढे कोणताही प्रोसेसर मंदच ठरावा. साहेब कोणत्या मजल्यावर बसतात, जिल्ह्याला असतात की विभागाला, राजपत्रित आहेत काय, आणि रजेवर असल्यास पदभार कोणाकडे, यावर दुपारचा चहा होतो. मग लिपिक टिप्पणी मांडतो, अव्वल कारकून ती तपासतो, तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडतो, चर्चेत असे निघते की नाव इंग्रजी वळणाचे असल्याने नेमणूक थेट वरून झालेली असावी, आणि अखेर ‘सविनय सादर’ या शब्दांनी सुरू होणारे पत्र जावक क्रमांकासह तयार होते.

परवानगीची गरजच नसते. ‘यूझर्स’ या उपफोल्डरमध्ये कोणाचे कागद राहिले असल्यास ते आधी बाहेर काढावेत, मग सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज आणि तात्पुरत्या फाइली या वाटेने जाऊन पूर्वीच्या विंडोजसमोर खूण करावी आणि ते काढून टाकावे. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ ही ओळही असते, तिच्यावर खूण पडू देऊ नये. यानंतर जुन्या प्रणालीकडे परतता येत नाही, पण परतायचे कोणाला असते?

सरकारी कामकाजात सहा गठ्ठे पद्धत आहे, आणि तिच्यातील सहावा गठ्ठा नष्ट करायच्या ‘ड’ वर्गाच्या कागदांचा असतो. तोच सर्वांत उंच का, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला, तरी ‘जि. परभणी’ छापलेले कोरे नमुने कधी लागतील सांगता येत नाही म्हणून जपणारा हाच वर्ग. आणि ज्या निजामकालीन दप्तरांतल्या एका कुणबी नोंदीसाठी 2023 मध्ये मराठवाडा दारोदार फिरला, त्या दप्तरांपाशी वाळवीला मात्र कोणा साहेबांची परवानगी लागत नाही. खिडकीबाहेर हळदीची पोती वसमतच्या बाजारात टाकून एका दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेला शेतकरी उभा असतो, त्याला ‘सी ड्राइव्ह लाल झालाय, सोमवारी या’ असे सांगितले जाते, आणि या सोमवारी-याला कोणत्याही कोशात निर्लज्जपणा याखेरीज दुसरा शब्द नाही. त्याच्या बसभाड्याची नोंद कोणत्या गठ्ठ्यात होते?

अकराव्या दिवशी फोल्डर जागेवर नसते. जागा मोकळी झाल्याचा आनंद कोणालाच होत नाही. प्रलंबित प्रकरणातील फोल्डर परवानगीविना नाहीसे झाल्याबद्दल लिपिकाकडून तीन दिवसांत लेखी खुलासा मागवला जातो, आणि त्या पत्राची एक प्रत मा. ट्रस्टेड इन्स्टॉलर साहेबांना माहितीस्तव रवाना होते. पत्त्याची जागा तेवढी कोरी असते.