तिथीनाथ

आमच्या ऑफिसातल्या एकाच्या टेबलावर दोन कॅलेंडरं आहेत. एक कंपनीनं दिलेलं. त्यावर तो सुट्ट्या बघतो. दुसरं कालनिर्णय, त्यावर तो मुली बघतो. म्हणजे मुली मोबाइलवरच बघतो, पण बघायला कधी जायचं ते कालनिर्णयावर ठरतं. त्याचं खरं नाव पगाराच्या स्लिपवर असतं. आम्ही त्याला तिथीनाथ म्हणतो, आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडतं.

तिथीनाथ डोंबिवलीला आईबरोबर राहतो. वय सदतीस. स्वभाव सरळ, दिसायला बरा, कर्ज नाही, व्यसन नाही. अजून लग्न का झालं नाही असं विचारलं, तर तो मुलींना दोष देत नाही, पत्रिकेलाही देत नाही. "योग होते रे, वेळ चुकली," एवढंच म्हणतो. ही वेळ घड्याळातली नव्हे. घड्याळाच्या बाबतीत तो इतका पक्का आहे, की 8:14ची लोकल त्याला बघून सुटते.

असा माणूस पूर्वीही प्रत्येक आळीत एक असायचा. कुणाच्या मुलीचं ठरलं की तो पंचांग काखेत मारून हजर व्हायचा. पण त्याचं काम सोपं होतं, कारण लग्नाच्या आधी काही घडतं हेच मुळात कुणाला मान्य नव्हतं. आता लग्नाआधीच इतकं घडतं, की लग्नापर्यंत पोचेस्तोवर माणूस दमतो. पहिला मेसेज, पहिली कॉफी, पहिलं भांडण, एकमेकांच्या मित्रांना भेटणं. दाते पंचांगात विवाहाचे मुहूर्त मिळतात, मुंजीचे मिळतात. 'प्रथम कॉफी' असा रकाना त्यात नाही. ही उणीव तिथीनाथ शिसपेन्सिलीनं भरून काढतो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला हे करताना जवळून पाहिलं. डाव्या हातात पोळीचा घास, उजव्या हातात पेन्सिल. महिन्याच्या तीस तिथी. त्यातल्या चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता, म्हणजे रिकाम्या. दोन्ही पक्षांतल्या मिळून सहा फुल्या. अमावास्या गेलीच. अष्टमी का कुणास ठाऊक, पण त्याच्या आजीला चालत नसे, म्हणून दोन्ही अष्टम्या गेल्या. मग भद्रा. ही महिन्यातून आठ वेळा येते आणि दर वेळी अर्धी तिथी खाते. मग त्याच्या राशीला चौथा, आठवा आणि बारावा चंद्र. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस मुक्काम करतो, म्हणजे आणखी पावणेसात दिवस बाद. एकादश्यांना उपास, म्हणून हॉटेल नाही. शेवटी चौकटीत दोन दिवस उरले. त्यातला एक सोमवार होता, आणि सोमवारी आमची मीटिंग रात्री आठपर्यंत चालते.

"म्हणजे महिन्यात एकच दिवस?" मी विचारलं.

"दर महिन्याला एवढाही मिळत नाही," तो म्हणाला आणि घास तोंडात टाकला.

आपण एखाद्याला क्वचित भेटलो तर 'अवसे-पुनवेला भेटतो' म्हणतो. तिथीनाथाला ही सोयसुद्धा नाही, कारण अवस त्यानं आधीच खोडलेली असते.

संकष्टी तो पूर्वी कधी खोडत नसे. ती रिक्ता खरी, पण बाप्पाची, असा त्याचा युक्तिवाद. एका मुलीला त्यानं संकष्टीच्या संध्याकाळी सात वाजता दादरच्या एका उपाहारगृहात बोलावलं. चंद्रोदय 9 वाजून 22 मिनिटांनी. तिनं डोसा मागवला, यानं पाणी. नंतर तिनं कॉफी मागवली, यानं आणखी पाणी. मधल्या वेळात त्यानं तिला तिथी म्हणजे काय ते समजावलं: सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर पडलं की एक तिथी पुरी होते, चंद्र कधी जोरात पळतो, कधी रेंगाळतो, म्हणून एखादी तिथी एकोणीस-वीस तासांत उरकते, तर एखादी सव्वीसपर्यंत लांबते. मुलगी म्हणाली, "आजची लांबतेय वाटतं." साडेनऊला दोघं गच्चीवर गेले, तर आभाळ भरलेलं. ती टॅक्सी करून निघून गेली. हा ढग सरकायची वाट बघत सव्वादहापर्यंत उभा होता. नंतर त्यानं मोदक खाल्ला. एकट्यानं.

लखनौची एक मुलगी होती. फोनवर छान बोलायची. याला आषाढ चालत नव्हता, म्हणून यानं तिला कळवलं, की श्रावण लागला की भेटू. आता आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस सुरू होतो. सावन लागला, ती वाट बघू लागली. हा डोंबिवलीत आषाढ वद्य मोजत बसलेला. याचा श्रावण उजाडला तेव्हा तिनं याचा नंबर काढून टाकला होता. रत्नागिरीच्या एका मुलीचं याहून वाईट झालं. तिच्या घरी टिळक पंचांग. त्या वर्षी याच्याकडे अधिक महिना होता आणि तिच्याकडे नव्हता. अधिकात नवीन काही सुरू करायचं नाही म्हणून हा गप्प राहिला. ती समजली, याला रस नाही. एका आकाशातल्या एका चंद्राखाली हे दोघं वेगवेगळ्या महिन्यांत राहत होते.

पण तिथीनाथाची खरी उंची मला दिसली ती एका मुलीनं त्याला सोडलं तेव्हा. पाच महिने चाललेलं, बऱ्यापैकी मार्गी लागलेलं प्रकरण. तिनं फोन केला, शांतपणे सांगितलं की हे पुढे जाईल असं वाटत नाही. मी शेजारीच होतो. याचा चेहरा पडला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो म्हणाला, "ठीक आहे, पण आज शुद्ध द्वितीया आहे. चढत्या चंद्रावर कुणी तोडतं का? निदान वद्य पक्षापर्यंत थांब." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. इतका वेळ मी हसू दाबत होतो, पण त्याच्या आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. त्याला खरंच वाटत होतं, की तेरा दिवस मिळाले तर काहीतरी सावरेल. पुढं ढकलायला मिळावं म्हणूनच तर माणूस मुहूर्त बघतो, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मग आमच्या अकाउंट्समध्ये ती आली. अलिबागच्या कोळीवाड्यातली, वडील नाखवा, घरची होडी. आवाज मोठा, हिशेब तोंडी. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं याच्या टेबलावरचं कालनिर्णय उचललं, तिथी बघितली आणि म्हणाली, "आज दशमी. साडेसातला भरती." तिथीनाथ खुर्चीतून उठलाच. आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीनं त्याला आपणहून तिथी सांगितली होती.

हे कसं कळलं, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या सुमाराला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. तिच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण पाऊणकी तोंडपाठ होती. तिथीनाथानं इतकी वर्षं तिथीची वजाबाकीच केली होती. तिचा गुणाकार होतो, हे त्याला नवीन होतं.

यानंतर दोन महिने तो रोज पेन्सिलीला टोक करायचा आणि काहीच खोडायचा नाही. मग एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाला, "या माघात मला अडतीस पुरी होतात. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात. एकोणिसाव्या वर्षी माझी बारावीची परीक्षा होती." मध्ये नापास झाल्याचं त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "आता अडतिसाव्याला जुळतायत. माघी पौर्णिमा. तीही रविवारी. तिला अलिबागच्या किल्ल्यात विचारणार."

पुढची हकिगत मला दोघांकडून वेगवेगळी कळली. मी तिची धरून चालतो.

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. दोघं पाचच्या आधीच ओल्या वाळूवरून चालत आत गेले. गणपतीचं दर्शन घेतलं. किल्ल्यात चारी बाजूंना खारं पाणी असून गोड्या पाण्याचा तलाव आहे, तो बघितला. मग हा तटावर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला. चंद्रोदय 6 वाजून 38 मिनिटांनी, पौर्णिमेची समाप्ती 6:47ला. मधली नऊ मिनिटं त्यानं अडतीस वर्षं राखून ठेवली होती.

ती म्हणाली, "सुकती सव्वापाचला झाली. आता पाणी चढतंय. आज उधाण आहे, भरभर चढेल. चल."

"पाच मिनिटं."

"साडेसहा वाजले. चल."

"चंद्र येऊ दे ना."

"चंद्र आलाय. त्याच्याशिवाय पाणी कोण चढवतंय?"

6:38 झाले. चंद्र दिसेना. अलिबागच्या मागे डोंगर आहेत, आणि कालनिर्णयातल्या चंद्रोदयाला डोंगर माहीत नसतात. 6:41. 6:44. ती पायऱ्या उतरून गेलेली. 6:47ला पौर्णिमा संपली, वद्य प्रतिपदा लागली, आणि तटावर तिथीनाथ एकटा उभा. मग म्हणे तो धावत सुटला. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, खिशातलं छोटं पंचांग कधीच भिजलेलं. मधल्या खोलगट भागात पाणी मांडीला लागत होतं. ती तिथं थांबली होती. तिनं त्याचं मनगट धरलं आणि कुठं पाय ठेवायचा ते सांगत त्याला ओढत नेलं. तिथंच, प्रतिपदेला, कमरेइतक्या पाण्यात यानं तिला विचारलं. त्याच्या मते पाणी कमरेइतकं होतं. ती मांडीएवढं म्हणते.

ती म्हणाली, "आधी पलीकडं चल, मग सांगते." किनाऱ्यावर पोचल्यावर तिनं सांगितलं. तोवर चंद्र डोंगरावर आला होता, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

मागच्या आठवड्यात तिथीनाथ आईला घेऊन तिच्या घरी तारीख ठरवायला गेला होता. यानं दाते पंचांगातले चार मुहूर्त सुबक अक्षरात लिहून नेले होते. नाखव्यांनी कागद हातात घेतला, चष्मा न लावता वाचल्यासारखं केलं आणि बाजूला ठेवला. उधाणात डोलजाळी लावायची असतात, तेव्हा कोळीवाड्यातला एकही पुरुष मोकळा नसतो. लग्न भांगात हवं, पाण्याला जोर नसताना, होड्या किनाऱ्याला असताना. भांग अष्टमी-नवमीच्या आसपास पडतो. अष्टमीला तिच्या आत्याकडं कार्य आहे. तेव्हा नवमी.

"रिक्ता," मी म्हटलं.

"नवमीत वाईट काय आहे?" तिथीनाथ माझ्याकडे असं बघून म्हणाला, जणू मीच अडाणी. "राम कधी जन्मला? नवमीलाच ना?"

रामाच्या संसाराचं पुढं काय झालं, ते मी काढलं नाही. पाऊणकी करून बघितली. नऊ पाऊण पावणेसात. म्हणजे भरती सकाळी सातच्या आत येऊन जाईल, आणि दुपारच्या पंगतीला कोळीवाड्याच्या वाळूवर मांडव घालायला भरपूर जागा मिळेल.