भिंतीवर उजेड पाडण्याचे शास्त्र

‘तुम्ही काय उजेड पाडलात?’ हा प्रश्न विक्री विभागात दर तिमाहीला विचारला जातो. त्याचं शब्दशः उत्तर देणारं एकच यंत्र बाजारात मिळतं, ते म्हणजे पोर्टेबल प्रोजेक्टर. तरीही ते निवडताना ऑफिसं कमालीची बेफिकिरी दाखवतात. पंप विकण्यात माझी बावीस वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी भिंतीला पाठ लावून गेली. तेवढ्या भांडवलावर पुढचं मार्गदर्शन करण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेतो आहे.

आधी व्याख्या. जे यंत्र दुसऱ्या माणसाला उचलून नेता येतं ते पोर्टेबल. खोक्यावर छापलेलं दीड किलो वजन एकट्या यंत्राचं असतं. अ‍ॅडॅप्टर, केबल, तिपाई, दहा मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि बोर्डाचा प्लग भिंतीत बसला नाही म्हणून आणखी एक प्लग, असा लवाजमा धरला की पिशवी सहा किलोंवर जाते. म्हणून खरेदीआधी नव्याने रुजू झालेल्या पोराचे खांदे पाहून घ्यावेत. बॅटरीवर चालणारा घेतलात तर खोक्यावरचे ‘तीन तास’ हे बहुधा उजेड मंद ठेवल्यावरचे असतात. पूर्ण उजेडात यंत्र शेवटून दुसऱ्या स्लाइडवर मान टाकतं. त्याची चिंता नको. शेवटच्या स्लाइडवर ‘धन्यवाद’च असतं, ते ग्राहकाने गृहीत धरावं.

आता ल्यूमेन, म्हणजे उजेडाचं माप. सहा हजार रुपयांच्या यंत्रावर ‘९००० ल्यूमेन’ असं ठळक छापलेलं आढळेल. कर्नाटकातल्या आंब्याच्या पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलेलं असतं, त्याच जातीचं हे सत्य. विचारायचा आकडा ‘अ‍ॅन्सी ल्यूमेन’चा. त्यात पडद्यावरच्या पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे चौकोन करून प्रत्येकात उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. हा शब्द उच्चारताच दुकानदाराचा चेहरा पडला, तर तेही एक मोजमापच.

पुढचं गणित चौथीतल्या मुलाला येतं, पण पर्चेस खात्याला येत नाही. समजा, चित्र दोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच आहे, म्हणजे अडीच चौरस मीटर. खिशात मावणाऱ्या यंत्राचे खरे ३०० ल्यूमेन त्यावर पसरले की चौरस मीटरला १२० येतात. यालाच १२० लक्स म्हणतात. ट्यूबलाइट लावलेल्या ऑफिसात टेबलावरच ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. भिंतीवर तो कमी पडतो, पण तुमच्या बिचाऱ्या १२०ला गिळायला पुरेसा असतो. ३००० ल्यूमेनचं यंत्र १२०० लक्स देईल आणि निभावेल. शिवाय एक गुपित कोणी सांगत नाही: प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही. जिथे काळं हवं तिथे तो उजेड टाकत नाही, एवढंच. त्यामुळे तुमचं काळं म्हणजे ग्राहकाच्या भिंतीचा त्या वेळचा रंग. भिंत फिकट पिस्ता असेल तर तुमची काळी अक्षरंही फिकट पिस्ताच.

हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचांवर हाताने रंगवलेली चित्रं ते पडद्यावर हलवून दाखवत, म्हणजे लोक सिनेमा पाहायला लागण्याआधीच. असा खेळ करायचा तर आधी अंधार करावा लागतो. आपण मात्र सादरीकरण सकाळी अकराला, पूर्वेच्या खिडकीसमोर ठेवतो. खिडकीच्या पडद्याचे तीन हूक निघालेले असतात आणि खोलीतल्या सगळ्या ट्यूब एसीसकट एकाच बटणावर असतात. तेव्हा यंत्र निवडण्याआधी खोली निवडावी. ती तुमच्या हातात नसते, हे मला मान्य आहे.

रेझोल्यूशनच्या रकान्यात ‘१०८०पी सपोर्टेड’ असं दिसलं की सावध व्हावं. सपोर्टेड म्हणजे पाहुण्याला दारातून आत घेतो. जेवायला घालू, असं म्हटलेलं नाही. यंत्राची जातीची, म्हणजे ‘नेटिव्ह’, क्षमता ८५४ × ४८० असेल तर तुमच्या १९२० × १०८०च्या चित्रातले पाच ठिपके ते एकात कोंबतं. इंग्रजी अक्षरं हा अन्याय कशीबशी सोसतात. देवनागरीचे दागिने आधी जातात. एका तिमाहीत आमच्या ‘खर्च’वरचा रफार गळाला आणि सगळी मंडळी वीस मिनिटं गंभीरपणे ‘खच’ पाहत बसली. आकडे पाहता चूक कोणाला वाटली नाही.

डीएलपी जातीच्या यंत्रात लाखो सूक्ष्म आरसे सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे कलतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ही आरशांची चिप शोधली. यातली बरीच यंत्रं लाल, हिरवा, निळा एकामागोमाग एक फेकतात, त्यामुळे नजर झटकन वळवली की काहींना इंद्रधनुष्य दिसतं. ग्राहकाला ते दिसलं तर त्याला तुमची योजना आवडली, असं समजू नये.

अंतराचा नियम सोपा आहे. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.२ असेल तर दोन मीटर रुंद चित्रासाठी यंत्र भिंतीपासून दोन मीटर चाळीस सेंटीमीटरवर हवं. नेमक्या त्याच जागी ग्राहक कंपनीच्या एमडींची खुर्ची असते. मग यंत्र बाजूला सरकतं, चित्राची कड पतंगासारखी तिरकी होते आणि ‘कीस्टोन’ दाबून ती सरळ करावी लागते. दर दाबासरशी काही ठिपके कायमचे रजेवर जातात.

जोडणीबद्दल फार बोलणार नाही, कारण रडू येतं. यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चित्र येतंच असं नाही. काही भोकं फक्त चार्जिंगची असतात. वायरलेस घ्याल तर ग्राहकाच्या वाय-फायचा पासवर्ड रजेवर गेलेल्या माणसाकडे असतो. आणि मोबाइलची स्क्रीन भिंतीवर जोडलीत की ऑफिसातून निरोप उगवतो, ‘सर, जुनेच आकडे टाकलेत ना?’ हा निरोप मात्र दोनशे ल्यूमेनमध्येही स्पष्ट वाचता येतो.

एवढं सगळं शास्त्र कोळून प्यायलेला मी एका वैशाखात सांगली जिल्ह्यातल्या एका मंगल कार्यालयात पोहोचलो. पंपांच्या विक्रेत्यांचा मेळावा होता, वेळ दुपारची. मी ३२०० अ‍ॅन्सी ल्यूमेनचं दिव्याचं यंत्र नेलं होतं, अंतर टेपने मोजलं होतं, केबल दोन घेतल्या होत्या. भिंतीवर आदल्या दिवशीचं थर्माकोलचं ‘शुभविवाह’ तसंच होतं, म्हणून त्यावर पांढरी चादर बांधली. छताजवळच्या झरोक्यांतून ऊन थेट चादरीवर आलं. माझा विक्रीचा चढता आलेख त्यात विरघळला. चादरीतून उलट ‘शुभ’ तेवढं उठून दिसू लागलं. मी पॉइंटर हलवत न दिसणाऱ्या रेषा समजावत राहिलो. चाळीस माणसं माना डोलावत होती, बहुतेक आमरसामुळे.

अकराव्या स्लाइडला पहिल्या रांगेतले एक वयस्क विक्रेते उठले. “सायेब,” ते म्हणाले, “पंप आणलाय न्हवं गाडीत? मग चालू करून दावा की.”

पंप आणलेला होता. कार्यालयामागच्या हौदात सोडला, प्रोजेक्टरसाठी आणलेला एक्स्टेन्शन बोर्डच त्याला जोडला. पाणी गच्चीवरच्या टाकीत पोचलं, तेव्हा दोघांनी हात घालून पाहिला. मग सावलीत उभ्या उभ्या, माझ्या छापील हँडआउटच्या कोऱ्या पाठीवर, चौदा पंपांची ऑर्डर लिहून झाली.

आत आलो तर पिशवी उचलून आणणारा नवा पोरगा अजून प्रोजेक्टरजवळ उभा होता. “काढू का सर?” त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याला बिचाऱ्याला कळेना, पिन निघालेली असताना बंद कुठलं बटण करायचं.