पहिल्या ओळीचं जंगल

जंगलाची व्याख्या अखेर ठरली. जीपच्या काचेतून, काच खाली न करता जे दिसतं ते जंगल. व्याख्या आमची नाही. झाडं लावणं हेच ज्याचं काम, अशा एका खात्याच्या अंतर्गत लेखापरीक्षणातून ती आपोआप निघते. खात्याचं नाव विचारू नका. असं खातं अस्तित्वातच नाही, असं त्याच खात्याने जावक क्रमांक टाकून कळवलं तर आमची पंचाईत.

अहवालातलं वाक्य दरवर्षीचं आहे : ‘रोपवनाची प्रत्यक्ष पाहणी केली असता रोपे जोमदार आढळली.’ यात खोटं काही नाही. पाहणी प्रत्यक्षच होते. साहेब सकाळी नाशिकहून निघतात, डांबरी रस्त्यावर गाडीचा वेग जरा कमी होतो, डावीकडे हिरवं काहीतरी सरकतं आणि पाहणी होऊन जाते. ही सरकणारी हिरवळ म्हणजे रोपवनाची पहिली ओळ.

या पहिल्या ओळीबद्दल आमच्या मनात नितांत आदर आहे. तिला टँकरने पाणी मिळतं. प्रत्येक रोपाला सुबक आळं असतं, भोवती काट्यांचं कुंपण असतं, बुंध्याला गेरू आणि गेरूवर चुन्याचा पट्टा असतो. बोटाएवढ्या खोडाला गेरू-चुना फासणं हे कौशल्याचं काम आहे, ते येरागबाळ्याला जमणार नाही. दुसऱ्या ओळीत गेरू असतो, चुना संपलेला असतो. तिसऱ्या ओळीत नुसती काठी. इथे रोप होतं किंवा व्हायचं होतं, एवढं ती सांगते. चौथ्या ओळीपासून गवत, आणि गवतात शेळी. शेळीला लेखापरीक्षणाचं वेळापत्रक पाठ असतं, त्यामुळे त्या दिवशी तीही पहिल्या ओळीकडे फिरकत नाही.

आता हिशेब. तीन मीटर बाय तीन मीटर अंतराने लावलं तर हेक्टरी १,१११ रोपं बसतात. शंभर मीटरच्या बाजूत ढोबळमानाने ३३ ओळी, एकेका ओळीत ३३ रोपं. पहिल्या ओळीतली ३३ पैकी ३३ जिवंत. नमुना शंभर टक्के पास झाला की उरलेल्या ३२ ओळींना तोच निकाल लागू. पण शंभर टक्के लिहिलं तर वरच्यांना शंका येते, म्हणून विनयाने दहा टक्के मेलेली दाखवायची. ती लागलीच पुन्हा लावायची, म्हणजे कागदावर नांग्या भरायच्या आणि त्याचं वेगळं बिल काढायचं. अशा रीतीने जी झाडं लावलीच नव्हती, त्यांतली काही मरतात, त्यांच्या जागी नवी लागतात आणि सगळी मिळून जोमदार आढळतात. सीतागुंफेजवळचे वड या हिशेबात सापडले असते तर पाचाचे शेकडा नव्वद धरून नाशिककरांना आज साडेचारवटीत राहावं लागलं असतं.

३३ या आकड्यावर आपल्याकडे पहिल्यापासूनच भक्ती. देव तेहतीस कोटी. देशाची एकतृतीयांश जमीन झाडांखाली असावी, असं राष्ट्रीय वन धोरण १९५२ मध्ये म्हणालं आणि १९८८ मध्ये पुन्हा म्हणालं. राज्यात २०१६ ला दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला, अर्थातच, तेहतीस. दहावीला पास व्हायला मात्र पस्तीस लागतात. म्हणजे धोरणाचं उद्दिष्ट शंभर टक्के गाठलं तरी आपण दोन मार्कांनी नापास. आणि राज्याचं वनाच्छादन आहे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. एवढ्यावर ग्रेस मार्कही मिळत नाहीत, पालकांना बोलावून आणायला सांगतात.

लेखापरीक्षक झोपा काढतात, असं मात्र कुणी समजू नये. त्यांची नजर घारीची असते, फक्त ती कागदावर फिरते. माप पुस्तिकेत खाडाखोड आहे आणि तिथे साक्षांकन नाही : गंभीर आक्षेप. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ खोल हवा, नोंदीत खोलीचा रकाना कोरा : अतिगंभीर. हजेरीपटावरच्या अंगठ्याची शाई निळी, बाकीच्या अंगठ्यांची जांभळी : खुलासा मागवावा. खुलासा जातो, अनुपालन होतं, परिच्छेद वगळला जातो. या सगळ्यात ‘झाड आहे का?’ असा रकाना कुठेच नाही. ‘रोपांची संख्या नोंदवहीशी जुळते का?’ असा आहे, आणि ती जुळते. नोंदवही नोंदवहीशी जुळणार नाही तर कुणाशी जुळणार? इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यात येवल्याला पाचशेच्या आसपास. पण दोन्हीकडे रोपांची यादी एक, जगण्याची टक्केवारी एक आणि ‘जोमदार’ हा शब्दही एक. यावर आक्षेप नाही, कारण एकसारखेपणा हा नोंदवहीत गुणच मानतात.

या जिल्ह्यात जंगलाचं खरं अंतर्गत लेखापरीक्षण एकानेच केलं, बिबट्याने. त्याने गाडी न घेता, भत्ता न लावता, रात्रीच्या वेळी, आगाऊ सूचना न देता पाहणी केली. पहिल्या ओळीमागे लपायला जागा नाही, असा शेरा मारून तो निफाडच्या उसात राहायला गेला. त्याच्या पिल्लांनी तर जंगल पाहिलेलंच नाही. त्यांना ऊस हेच आपलं मूळ गाव वाटतं. बिबट्याच्या या आक्षेपाचं अनुपालन म्हणून उसाच्या फडाजवळ पिंजरा लावला जातो. म्हणजे ज्याने पाहणी केली तोच आत.

लासलगावला कांद्याची ट्रॉली येते तेव्हा वरचा थर बघून बोली लागते हे खरं, पण खळ्यावर ट्रॉली उलटताना आतला माल हलका निघाला की व्यापारी तिथल्या तिथे वांधा काढतो. भाव पाडतो, शेतकऱ्याला घाम फोडतो. सगळ्या जगाचा माल उलटापालटा करून बघितला जातो, फक्त सरकारी जंगलाच्या आतला थर बघायचा नाही.

आता जरा हसणं बाजूला ठेवू. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यावरची म्हातारी वाळक्या फांद्यांची मोळी घेऊन रस्त्याला लागते तेव्हा तिला अडवणाऱ्याला गाडीतून उतरता येतं. मोळी उतरवली जाते, सोडली जाते, एकेक काटकी उलटून बघितली जाते. ओली किती, वाळकी किती, विळा कुठला, गाव कुठलं? तिथे कुणी म्हणत नाही की बाई, वरची काटकी वाळकी आहे, बाकीच्या वाळक्याच धरू. तिच्याच मुलाने वन हक्क कायद्याखाली दोन एकरांचा दावा टाकला तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोस याचा पुरावा आण. दंडाची पावती आण, पंचनामा आण, म्हाताऱ्यांचे जबाब आण. आणून दिले की अपुरे आहेत. मार्च २०१८ मध्ये हीच माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत, सुमारे १८० किलोमीटर, पायी गेली. वनजमिनीचे दावे ही त्यांची मोठी मागणी होती. त्यांचे सोललेले तळवे सगळ्या देशाने वर्तमानपत्रात पाहिले. जंगलातल्या आपल्या तुकड्याचा पुरावा द्यायला माणसाने १८० किलोमीटर चालायचं, आणि लाखो झाडांचा पुरावा घ्यायला आलेल्याने रस्त्यापासून नऊ मीटर आत, चौथ्या ओळीपर्यंतही चालायचं नाही! बुटाला चिखल लागतो म्हणे. लागू द्या. मजूर त्याच चिखलात उभं राहून खड्डे खणतात आणि मजुरीसाठी हेलपाटे घालतात.

यावर उपाय नाही असं नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने कलम १७ मध्ये सामाजिक अंकेक्षणाचं काम ग्रामसभेला दिलं होतं. ज्यांनी खड्डे खणले त्यांनीच चावडीवर बसून कागद वाचायचे आणि कुठला खड्डा झाला, कुठला नाही ते सांगायचं. झाडांचं लेखापरीक्षणही त्यांच्याकडेच द्या. शेळी कुठून शिरते हे त्यांना ठाऊक असतं, कारण बऱ्याचदा शेळी त्यांचीच असते. खात्याने खात्याला तपासायचं, खात्याने खात्याला खुलासा द्यायचा आणि खात्याने तो मान्य करायचा, हा प्रकार बंद झाला पाहिजे.

तोवर वाचकहो, एक काम करा. त्र्यंबककडे, हरसूलकडे किंवा पेठच्या घाटाकडे जाल तेव्हा रोपवनाचा फलक दिसला की गाडी थांबवा. फलकावरचं वर्ष आणि रोपांची संख्या लिहून घ्या. कुंपणाबाहेरूनच पहिली ओळ सोडून तिच्या मागच्या झाडांची मोजणी करा. फार वेळ लागणार नाही. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून त्या रोपवनाची नोंदवही आणि माप पुस्तिका मागा, आणि दोन्ही आकडे गावाच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.