पुढचं बघणारे आप्पा

आप्पांना आजचं काही दिसत नाही. दिसतं ते पाच वर्षांनंतरचं. धाकट्याला सहावीत घेतलेली पँट त्याला नववीत कमरेला बरोबर बसली. तोवर ती गुडघ्यात फाटली होती, ही गोष्ट वेगळी. घराच्या स्लॅबवर दुसऱ्या मजल्यासाठी सोडलेल्या सळयांना दोरी बांधून काकू बारा महिने वाळवणं घालतात. थोरल्याच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांच्या पाठीवर अजून पेंडेचा हिशेब लिहिला जातो. कुणी काही म्हटलंच तर आप्पांचं उत्तर ठरलेलं असतं : “पुढं लागतंय.”

अशा माणसाने दूध काढायचं पार्लर बांधायला घेतलं.

गरज खोटी नव्हती. आमचं गाव संगमनेर तालुक्यातलं. आप्पांचं दूध माझ्याच संकलन केंद्रावर येतं, त्यामुळे फॅट, एसएनएफ आणि त्यांची कंबर या तिन्हींची खबर मला रोज मिळते. मुक्त गोठ्यात १४ दुभत्या एचएफ गायी. थोरला पुण्यात कंपनीत, धाकटा नाशिकला कॉलेजात, काकूंचे गुडघे गेलेले. धारांना माणूस एकच. पहाटे आणि संध्याकाळी बादलीचं मशीन घेऊन एकेका गायीखाली बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. पार्लरमध्ये माणूस खड्ड्यात उभा राहतो आणि गाय वर. वाकणं संपतं. आप्पांनी हे डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात पाहिलं आणि परत आले ते दोन पिशव्या माहितीपत्रकं घेऊन.

त्यानंतर महिनाभर आप्पा केंद्रावर दूध घालायला नव्हे, व्याख्यान द्यायलाच येत. १९५२ साली न्यूझीलंडच्या रॉन शार्प नावाच्या शेतकऱ्याने गायी तिरक्या उभ्या करून हेरिंगबोन पार्लर कसं केलं, हे त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाला ऐकवलं. तिरकी गाय कमी जागा खाते, कास माणसाजवळ येते, चालणं वाचतं. इथवर सगळं बरोबर होतं. मग त्यांना १९३० सालचं अमेरिकेतलं पार्लर सापडलं. न्यू जर्सीतलं, गोल, फिरतं, एका वेळी ५० गायींचं! दोन दिवस आप्पा काही बोलले नाहीत. विहिरीशेजारच्या मोकळ्या जागेकडे नुसते बघत उभे राहायचे. काकूंनी त्या जागेत घाईघाईने मेथी टाकली.

शेवटी आप्पा “आवरतं घेऊन” दोन्ही बाजूंना आठ-आठ जागा आणि सोळा मशीनवर आले.

“आप्पा, गायी चौदा आहेत,” मी म्हटलं.

“आज चौदा. कालवडी बघितल्यास का? पुढं चाळीस होतील.”

“आणि माणसं?”

“माणसाला काय, मशीनच तर काढणार!”

आता गावात आप्पांशी वाद घालून जिंकलेला माणूस नाही. पण त्यांचा एक गुण आहे : ते जे मानतात ते करून बघतात. खड्डा त्यांनी आधीच खणून ठेवला होता. अंगणात दोन्ही कडांना फक्कीने आठ-आठ जागा आखल्या. खऱ्या गायी बुजतील म्हणून रविवारी दुपारी पारावरची माणसं बोलावली. एका बाजूला आठ जण तिरके उभे केले. त्यांत निवृत्त गुरुजी होते, वायरमन होता, आणि वेळ लावणाऱ्या लक्ष्मी गायीच्या जागी नाम्याला उभं केलं होतं. मशीन म्हणून प्रत्येकाच्या पायाशी एकेक तांब्या. सूचना अशी, की तांब्या लागल्यापासून सहा मिनिटं झाली की हात वर करायचा. नाम्याने मात्र नऊ मिनिटांनी. मोबाइलवर वेळ बघायचं काम माझ्याकडे. शेजारच्या गायीला सीमेन भरायला आलेले डॉक्टरही चहासाठी थांबले.

आप्पा खड्ड्यात उतरले आणि दिसेनासे झाले. खड्डा थोरल्याच्या उंचीने खणला होता, “उद्या तो आला तर?” म्हणून. थोरला पाच फूट अकरा इंच, आप्पा पाच फूट दोन. गुरुजींच्या पोटरीपर्यंत पोचायला त्यांना टाचा वर कराव्या लागत होत्या.

“तो यायचा धारा काढायला?” ओट्यावरून काकू म्हणाल्या. “त्याला आता दूध पिशवीत जन्मतं असं वाटायला लागलंय.”

आप्पांनी पाट मागवला आणि सुरुवात केली. चार पिळक्या टाकायच्या, सड धुवायचे, पुसायचे, मशीन लावायचं. एकेका गायीला दीड मिनिट जात होतं. पाचव्या गायीचे, म्हणजे वायरमनचे, सड पुसून झाले आणि गुरुजींचा हात वर गेला.

“आप्पा, माझं झालं.”

“थांबा जरा गुरुजी, तीन राहिल्यात.”

“थांबलो तर मशीन रिकामं ओढत राहील ना?” गुरुजी कामात शिरले होते. मागून दुसऱ्या गायीनेही हात वर केला. आप्पा सहावीला लावायचं की पहिलीचं काढायचं या पेचात पाटावरून घसरले.

“असं रोज झालं तर सडांची टोकं कडक होतील,” डॉक्टर म्हणाले, “आणि मग दगडी, म्हणजे कासेला सूज.”

दगडी म्हटल्यावर गोठ्यातला माणूस हसत नाही. पण आप्पांकडे दुसरी युक्ती तयार होती : आधी आठही गायी धुऊन-पुसून घ्यायच्या, मग सगळ्यांना सटासट मशीन. पुन्हा मांडणी झाली. पुसणं संपेपर्यंत माझ्या मोबाइलवर सात मिनिटं होऊन गेली होती.

“पहिल्या गायीने पान्हा सोडला, वाट बघितली आणि परत घेतला,” डॉक्टर म्हणाले. “सडाला हात लागल्यापासून मिनिट-दीड मिनिटात मशीन लागलं पाहिजे. उशीर झाला की दूध कासेतच राहतं.”

कशीबशी बाकीची मशीनं निघाली, तरी रांग हलेना, कारण नाम्याची नऊ मिनिटं व्हायची होती. हेरिंगबोनला गायी रांगेने येतात आणि रांगेनेच जातात. रेंगाळणारी एक असली की उरलेल्या सात तिच्यासाठी तिष्ठतात. उन्हात उभे राहिलेले सात जण नाम्याला जे बोलले, ते लक्ष्मीला आजवर कुणी बोललं नसेल.

“आपोआप सुटणारी मशीनं येतात,” आप्पांनी खड्ड्यातून शेवटचा प्रयत्न केला.

“येतात. त्यांचे पैसे विचारलेत का?” डॉक्टर म्हणाले. विचारलेले दिसत होते, कारण आप्पा गप्प बसले. “हिशेब सोपा आहे. गायीला लागतात सहा मिनिटं, तुम्हाला एका गायीमागं दीड. सहाला दीडने भागा.”

“चार,” गुरुजी म्हणाले. अजून ते गायीच्या जागेवरच उभे होते.

“आणि गायी चाळीस झाल्या तर?”

“तरी चारच. धारांचा वेळ वाढेल. हात दोनच राहणार.”

आप्पांचा चेहरा पडला. चारचं पार्लर म्हणजे पुढचं काहीच बघितलं नाही असं झालं असतं. ते ओळखूनच डॉक्टरांनी वाट काढून दिली : खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार जागा ठेवा, मशीनं मात्र चारच, मध्यभागी टांगलेली. एका बाजूची गाय सुटली की तेच मशीन पलीकडे फिरवायचं. न्यूझीलंडमध्येही अशी पार्लरं असतात, हे ऐकल्यावर आप्पांची कळी खुलली.

पार्लर बांधून झालं. खड्ड्यात मुरूम भरून, वर कोबा करून तळ आप्पांच्या उंचीला आणला. आता १४ गायी, धुणं-पुसणं धरून, तासाच्या आत होतात आणि कंबरेचा पट्टा खुंटीला असतो. पंचक्रोशीत मात्र “आप्पांचं आठचं पार्लर” असंच नाव झालं आहे, आणि ते कुणी केलं हे वेगळं सांगायला नको.

परवा शेजारच्या गावचा एक पोरगा बघायला आला. त्याने जागा मोजल्या, मग मशीनं मोजली, पुन्हा जागा मोजल्या.

“आप्पा, आठ म्हणालात. मशीनं चारच दिसतात?”

“जागा गायींच्या मापाच्या आहेत,” आप्पा म्हणाले. “मशीनं माझ्या मापाची.”