नाक्यावरचे कायदेमामा

हिंगोली-वाशीमच्या हद्दीवरच्या कनेरगाव नाक्यावर वाशीमची गाडी थांबते, तिथल्या हॉटेलात मांडीवर प्लास्टिकची फाईल घेऊन जे गृहस्थ चहा पीत असतात, ते मामा. कुणाचे मामा, हे कुणी विचारत नाही. परदेशात लग्न करायला काय काय लागतं, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःकडे पासपोर्टही नाही. पण बाळंतपण करणारा डॉक्टर स्वतः बाळंत होतो का, हा त्यांचा सवाल.

हे ज्ञान मातीतलंच असावं. १९४८ च्या आधी हिंगोली निजामाच्या मोगलाईत, तर वाशीम इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. १९३० साली बालविवाह रोखणारा शारदा कायदा लागू झाला तो ब्रिटिश हिंदुस्थानात. मग कोवळ्या पोरींची लग्नं उरकायला लोक गुपचूप संस्थानी हद्दीत जात. "तवाचं फॉरेन म्यारेज बैलगाडीत व्हायचं," मामा म्हणतात, "अन् कागूद एकबी नाही!"

परवा एक बाप आला. पोरगा परदेशात नोकरीला, होणारी सून तिथंच शिकायला. मामांनी चहा सांगितला, अर्थात बापाच्या नावावर, आणि १९६९ चा विदेशी विवाह कायदा काढला. दोघांतलं एक तरी भारतीय नागरिक हवं. पोरगा २१, पोरगी १८ पूर्ण. एकानं तरी त्या मुलखात ३० दिवस मुक्काम केलेला असावा. मग वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस, आणि कुणी हरकत घेतं का हे बघायला पुन्हा ३० दिवस.

"नोटीस भारतातबी जाहीर व्हती."

बापाच्या हातातली बशी हलली. "म्हंजी भावकी वाचंल?"

"वाचू द्या. पहिला जोडीदार हयात असंल, डोकं ठिकाणावर नसंल, वय कमी असंल, नातं जवळचं असंल, तरच हरकत. 'आम्हाला आहेर केला नव्हता' असं कलमच नाही त्यात."

मामा हे इतक्या हळहळीनं सांगतात, की कायदा करणाऱ्यांनी मराठवाड्यात चौकशीच केली नसावी असं वाटतं.

"नातं जवळचं म्हंजी? पोरगी पोराच्या मामाचीच हाय."

इथं मामा खुलले. मामाची मुलगी निषिद्ध नात्यांच्या यादीत आहे. पण दोघांपैकी एकाच्या तरी समाजात तशी रूढी असली, तर लग्न लागतं. "अन् मंगलाष्टकं म्हणा नाहीतर राहू द्या. तीन साक्षीदारांसमोर 'तुला कायदेशीर बायको म्हणून स्वीकारतो' म्हटल्याबिगर लग्न पुरं नाही. तिनंबी तसंच म्हणायचं. दोघांना कळंल त्या भाषेत."

"आपल्या भाषेत चालंल?"

"चालंल. फक्त पुढं 'बे' लावू नको म्हणावं."

त्या देशाच्या कायद्यानंही लग्न करता येतं. मग नियम तिथले. इंग्लंडात नोटिशीनंतर किमान २८ दिवस थांबायचं, लास व्हेगासला परवाना मिळाला की लगेच बोहल्यावर. लास व्हेगासविषयी मामांचं मत वाईट आहे. कुणाला रुसायलाही वेळ मिळत नाही, ते लग्न कसलं?

बाप उठला, चार पावलं गेला आणि परत आला. गावात पत्रिका तर वाटावीच लागणार. "मामा, मुहूर्त काय छापू?"

मामांनी फाईल बंद केली. "छापा: वकिलातीच्या कामकाजाच्या वेळेत. जेवायच्या सुट्टीत लग्न लागणार नाही."